अर्थिंगला पाणी

सकाळी अंघोळ झाली की आमचे घरमालक सर तांब्या घेऊन अंगणात यायचे. बघणाऱ्याला वाटावं, तुळशीला पाणी घालणार. तुळस होतीही, पण ती काकूंच्या वाट्याची. सर तिला वळसा घालून कंपाउंडच्या कोपऱ्यात जायचे, सिमेंटची झाकणी बाजूला सारायचे आणि जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाच्या तोंडात बारीक धार धरायचे. ओठ हलत असायचे. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, यांचं कुलदैवत असेल. आपण भाडेकरू, त्यातून ख्रिस्ती. दुसऱ्याच्या देवाबद्दल आपण होऊन चौकशी करू नये एवढी समज मला होती. मग एकदा कपडे वाळत घालायला जवळून गेले तेव्हा ओठांतलं ऐकू आलं. सर म्हणत होते, "मुरू दे, मुरू दे."

ते अर्थिंग होतं.

घरातली वीज चुकून फ्रिजच्या पत्र्याला नाहीतर पंपाला लागली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता थेट जमिनीत जावी म्हणून एक तार खड्ड्यात पुरलेली असते, ते हे अर्थिंग. माती ओली असली की वीज लवकर मुरते, म्हणून कडक उन्हाळ्यात कुणी आठवणीने थोडं पाणी ओततं. सर बारा महिने ओतायचे. श्रावणात वरून धो धो कोसळत असताना एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तांब्या अशा थाटात ओतायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, पाऊस घालतोय की पाणी." सरांनी छत्रीखालून माझ्याकडे दयेने पाहिलं.

"पाऊस अनियमित असतो, मॅडम," ते म्हणाले.

संगमनेरला एका शाळेत सरांनी विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाले ते शाळेतून, शिकवण्यातून नाही. अर्थिंग हा शब्द ते कधी वापरत नसत. ते 'भूसंपर्कन' म्हणायचे, आणि तेही असं सावकाश, की समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं. घरभर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जिन्यातल्या बटणावर 'वर जाताना लावावा, वर गेल्यावर विझवावा'. अंगणातल्या नळावर 'घट्ट करणे म्हणजे पिरगाळणे नव्हे'. आमच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणापाशी 'तीनच्या पुढे चैन'. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि उन्हाळ्यात पाचवर पंखा लावताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. भाडं आम्ही देत होतो, तरी चैन जणू सरांच्या खिशातून होत होती.

काकूंवर चिठ्ठी चिकटवता येत नव्हती, म्हणून त्यांना तोंडी दुरुस्त केलं जाई. काकू मूळच्या अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातल्या. लग्न होऊन संगमनेरला आल्या त्याला जमाना झाला, पण बोली डोंगरातलीच राहिली. त्या कप घेऊन आल्या आणि "च्या घ्या" म्हणाल्या, की सर पेपरातून डोकं न काढता म्हणत, "चहा." आणि कप घेत.

"पानी गेलं व्हय गं?" काकू मला विचारत.

"पाणी," आतून आवाज येई.

सर दुरुस्त करत राहिले आणि काकू तशाच बोलत राहिल्या. दोघांत जास्त चिवट कोण, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, कारण वाईट माणसाशी निदान भांडता येतं. सरांशी भांडायला जावं तर ते खुर्ची पुढे सरकवून म्हणायचे, "बसा. आपण मुळापासून सुरुवात करू." मुळापासून म्हणजे अणूपासून. इलेक्ट्रॉनपर्यंत येईतो आपला राग विझलेला असायचा आणि गॅसवरचं दूध उतू गेलेलं असायचं.

आणि जिन्याखाली होती ती फळ्यांची पेटी. दोन्ही मजल्यांचे विजेचे खटके त्या पेटीत होते. वीज कुठे गळायला लागली की आपोआप खाली पडणारा एक खास खटका सरांनी वरच्या मजल्यासाठी हौसेने बसवून घेतला होता. बसवून घेतला म्हणजे स्वतः बसवला. पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली सरांच्या लेंग्याच्या नाडीला. त्यामुळे वरची लाईट गेली की आम्ही खाली जायचं, सरांना सांगायचं, सरांनी भिंतीकडे तोंड करून नाडीची किल्ली सोडायची, पेटी उघडायची, खटका वर करायचा आणि मग आमच्याकडे वळून विचारायचं, "काय लावलं होतंत?" हा प्रश्न ते असा विचारायचे, की 'टीव्ही' असं खरं उत्तर देतानाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटायचं.

माझा नवरा दूध डेअरीच्या ऑफिसात कामाला. स्वभावाने दह्यासारखा, लागलेला असला की हलवायचा नाही. त्याचं एकच म्हणणं असे, "घरमालकाशी खटके नकोत." पेटीतला खटका पडला तरी चालेल, सरांशी उडायला नको, एवढाच त्याचा विजेचा अभ्यास.

अशा घरात मी ओव्हन आणला.

केक मी आधीपासून करायचे. कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून, आईने शिकवला तसा. लोक चांगला म्हणायचे. एका इंग्रजी शाळेत मी अर्ध्या पगारावर पूर्ण दिवस शिकवत होते, आणि हे सोडून केकचंच काम करावं असं डोक्यात घोळत होतं. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी उपासना संपली की सगळ्या मंडळीला केक वाटतात. तो दरवर्षी नगरहून टेम्पोतून यायचा, आणि चवीलाही टेम्पोसारखाच लागायचा. त्या वर्षी महिला सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, यंदाचा केक मी करते. बोलून बसले.

पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जमेल ना? नाहीतर नगरला वेळेत कळवावं लागतं."

"जमेल," मी म्हटलं.

आमची मंडळी प्रेमळ आहे, पण विसरत नाही. एका बाईची बिर्याणी कुणाच्या तरी लग्नात खारट झाली होती. ती बाई देवाघरी गेली, तिच्या नातीला अजून 'खारट बिर्याणीवाल्या आजीची नात' म्हणून ओळखतात. माझा केक बिघडला असता तर माझा धंदा सुरू होण्याआधी संपला असता, आणि माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेपर्यंत तो केक पुरला असता. म्हणून बचत मोडून मी इलेक्ट्रिक ओव्हन घेतला, आणि नाताळाच्या बऱ्याच आधी घेतला, हात बसावा म्हणून.

पहिला केक आत ठेवला. वरची-खालची सळई लाल झाली, केक फुगायला लागला, दालचिनीचा वास जिन्यापर्यंत गेला, आणि जिन्याखाली 'खट्' झालं.

मी खाली धावले. सर पेपर वाचत होते.

"सर, खटका पडला."

"बसा. अग्रलेख संपतोय."

अग्रलेख संपला, नाडी सुटली, पेटी उघडली. "काय लावलं होतंत?"

"ओव्हन."

"तरीच," सर म्हणाले, आणि त्या एका शब्दात माझी, ओव्हनची आणि एकूणच पिढीची वासलात लागली. वर येऊन पाहते तो केकच्या मध्यभागी विहीर पडलेली. अर्धवट भाजलेल्या केकला थंडी सोसत नाही, तो खचतो. खटका वर केल्यावर जरा वेळाने पुन्हा खट्. पुन्हा खाली. या वेळी सरांची अंघोळ चालू होती.

दुसऱ्या दिवशी सरांचं संशोधन सुरू झालं. "आधी निरीक्षण, मग अनुमान," ते म्हणाले. "तुम्ही मंडळी उलटं करता." प्लास्टिकची खुर्ची मागवून ते ओव्हनसमोर बसले, जावई बघायला आल्यासारखे. पहिला संशय माझ्या चपलांवर. मी घरात स्लिपर घालत नव्हते, म्हणून वीज बिचकत असावी. स्लिपर घातली, खट्. मग टेबलावर. टेबल लोखंडी होतं, म्हणून खाली पाट ठेवला. ओव्हन पाटावर बसला, नवरदेवासारखा, खट्. मग फ्रिज बंद करून पाहिला, दूध नासलं; खट्. शेवटी सरांची नजर भांड्यातल्या मिश्रणावर गेली.

"यात अंडं आहे?"

"आहे ना."

"अंड्यात क्षार असतात. क्षार वीजवाहक."

मी म्हटलं, "सर, अंडं डब्यात आहे, डबा जाळीवर आहे, वायरला अंडं लावलेलं नाही."

"तुम्ही प्रयोगाच्या आधीच निष्कर्ष काढताय," सर म्हणाले. म्हणून एक बिनअंड्याचा केक झाला. खट्. तो बिनअंड्याचा खचलेला केक नवऱ्याने डेअरीत नेला आणि तिथे कुणीतरी विचारलं, खरवस आहे का.

सगळे संशय फिटल्यावर सर नेहमी एकाच जागी येऊन थांबायचे. "भूसंपर्कनाची ताकद कमी पडतेय," ते म्हणत, आणि अंगणात जात. तांब्याची जागा बादलीने घेतली. मग बादलीत खडे मीठ आलं. मग कुठून तरी कोळशाचं पोतं आलं आणि सरांनी स्वतः खड्डा उकरून त्यात कोळसा भरला. खड्ड्याची अशी सरबराई झाली, की बाजूची तुळस बिचारी ओशाळली.

आणि ओव्हन आणखी बिघडला. पूर्वी निदान केक फुगेपर्यंत टिकायचा. बादली सुरू झाल्यापासून सळई धड लाल व्हायच्या आत खट्. मीठ घातलं त्या दिवशी तर मी बटण दाबून मागे वळले नाही तोच खट्. मी ते सरांना सांगितलं, तर ते प्रसन्न झाले. "खटका तत्पर झाला," म्हणाले. "पूर्वी आळशी होता."

मी ओव्हन रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदाराने तिथेच लावून दाखवला. कितीतरी वेळ व्यवस्थित चालला, नुसत्या सळया तापवत. "मॅडम, ओव्हन एक नंबर आहे. घरातलं वायरिंग एखाद्या वायरमनला दाखवा," तो म्हणाला.

हे मी सरांच्या कानावर घातलं तेव्हा मात्र ते मुळापासून सुरुवात करायच्या भानगडीत पडले नाहीत. उभेच राहिले. "या घरातली प्रत्येक तार मी माझ्या हाताने ओढलेली आहे. परका हात लागलेला नाही." मुलीचं स्थळ आणलेल्या माणसाला सांगावं तशा आवाजात ते हे म्हणाले.

"मग आम्हाला दुसरं घर बघावं लागेल," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"ओव्हनसाठी घर बदलणार? ओव्हन बदला."

पाळकबाईंचा फोन आला. नगरला कळवू का, एवढंच त्यांनी विचारलं, गोड आवाजात. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा. त्या म्हणाल्या, थांबते, पण बघ हं. त्या 'बघ हं'मध्ये मला खारट बिर्याणीचा वास आला. त्या संध्याकाळी मी नवऱ्यावर ओरडले, मुलीवर ओरडले, आणि ओव्हनच्या काचेत तोंड बघून रडले. खोटं कशाला सांगू, माझा धीर सुटला होता.

तेवढ्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. मुलगा पुण्याला असतो, तो येऊन घेऊन जाणार होता. काकूंचे गुडघे धरलेले, त्या घरीच राहणार. निघताना सरांनी भिंतीकडे तोंड केलं, नाडीची किल्ली सोडली आणि काकूंच्या हातात दिली. राज्य सोडताना राजा एवढा गंभीर नसेल.

"रोज पाणी घालायचं. एक दिवसही खंड नको."

"घालते की पानी."

"पाणी," सर म्हणाले, आणि गाडीत बसले.

सर गेले. आठवड्याभराने मी केवळ चिडून ओव्हन लावला. म्हटलं, पडू दे, किल्ली तरी नाडीला नाही. केक फुगला. केक रंगावर आला. खाली खट् झालं नाही. मी केक बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर विहीर नव्हती, टेकडी होती. ती ताटलीत घालून मी तशीच काकूंकडे गेले. त्यापुढच्या दिवशी पुन्हा झाला. सर पुण्यात होते तोवर ओव्हनने एकदाही मान टाकली नाही.

"ह्यांची दिष्ट लागत आसंल," काकू केक खात म्हणाल्या, आणि आम्ही दोघी मनसोक्त हसलो. मी पाळकबाईंना फोन करून सांगितलं, नगरला कळवू नका.

सर परत आले ते काळा चष्मा लावून. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग सकाळी अंगणात खुर्ची मांडून सर बसले आणि काकूंना बादली आणायला लावली. दुखऱ्या गुडघ्यांनी काकू वाकल्या, झाकणी सरकवली, पाणी ओतलं. "सावकाश," सर काळ्या चष्म्यातून म्हणत होते, "मुरू दे, मुरू दे."

दुपारी मी ओव्हन लावला. खट्.

मी खाली पेटीपाशी गेले. काकू किल्ली घेऊन आल्या, खटका वर केला, आणि पेटीचं दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"पोरी, येक सांगू? हे न्हवते तवा म्या पानी न्हवतं घातलं. गुडघं वाकत न्हाईत. मिरच्यांना घालत हुते."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग आम्ही दोघींनी अंगणातल्या कोपऱ्याकडे बघितलं.

आधी निरीक्षण, मग अनुमान. सरांचंच शिक्षण. काकू पुढचे काही दिवस बादली भरून निघायच्या आणि सरांच्या खुर्चीमागून मिरच्यांकडे वळायच्या. सर काळ्या चष्म्यात, त्यांना ऐकू यायचा तो फक्त पाण्याचा आवाज. "मुरू दे," ते म्हणायचे. मिरच्यांत मुरायचं. खड्डा वाळत गेला, आणि ओव्हन चालायला लागला. मग मुद्दाम एकदा खड्ड्यात पाणी घातलं. खट्.

आता अनुमान. वीज एका तारेने येते, दुसरीने परत जाते. जेवढी आली तेवढी परत गेली की खटका सुखात असतो. परतीची थोडी जरी वीज भलत्या वाटेने सटकली की तो पडतो; त्याचं कामच ते. आमच्याकडे ती जमिनीत सटकत होती, आणि जमीन जेवढी ओली तेवढी जास्त. मिक्सरसारख्या किरकोळ गोष्टींत ते जाणवत नव्हतं, ओव्हन मात्र भरपूर वीज ओढणारा. म्हणजे कुठेतरी परतीची तार अर्थिंगच्या तारेला चिकटलेली होती. सर पाणी घालून आजार बरा करत नव्हते, आजाराला पाणी घालत होते. एवढं कळायला बारावीचं विज्ञान पुरतं, आणि ते मला होतं. इतक्या दिवसांत सरांना ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुपारी सर झोपले. काकूंनी वरच्या मजल्याचा मेन बंद केला आणि कठडा धरत एकेक पायरी चढून माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी ओव्हनच्या, ओट्याशेजारच्या प्लगचं झाकण उघडलं. आत परतीची काळी तार आणि अर्थिंगची हिरवी तार एकमेकींना वेणीसारख्या गुंफलेल्या, वरून चिकटपट्टी, आणि पट्टीवर सरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'दुहेरी संरक्षण. काढू नये.'

मला हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत. त्या प्लगकडे बघत होत्या.

"हितंच पडले हुते मी," त्या म्हणाल्या.

गुडघे धरायच्या आधी सर आणि काकू याच मजल्यावर राहायचे. ओट्यावर विजेची शेगडी होती. काकूंनी तिच्यावर पातेलं ठेवलं आणि शेगडीने त्यांना फेकलं. डोकं ओट्याच्या कडेला लागलं.

"मंग?" मी विचारलं. त्यांच्या बोलीत कधी शिरले ते मलाच कळलं नाही.

"मंग हे आले पळत. आदी शेगडी बघितली. मंग बोर्ड उघाडला. मंग माज्याकडं बघून म्हनले, वल्ल्या हातानं धरलं आसनार तू." काकूंनी पदराने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. "रातभर बसून ह्या तारा जोडल्या त्यांनी. मंग खड्डा खनला. मंग त्यो खटका आनला. तवापासनं रोज पानी. लई घाबरले हुते, मला काय कळत न्हाई व्हय? पन येकदा इचारलं आसतं, लागलं का गं, तर येवडा खड्डा खनायला लागला नसता."

मी वेणी सोडली. दोन्ही तारा वेगळ्या करून आपापल्या जागी बसवल्या आणि झाकण लावलं. चिठ्ठी काकूंनी घेतली, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

"ह्यांना सांगू नगं."

"का?"

"परत जोडतील," काकू म्हणाल्या. "आन परत समजावून सांगतील."

त्यानंतर कितीही पाणी ओतलं तरी खटका पडला नाही. काकूंनी पुन्हा खड्ड्यात बादली रिकामी करायला सुरुवात केली, ओव्हन चालतच राहिला, आणि सरांचा विजय झाला. "मीठ लागू पडलं," त्यांनी जाहीर केलं. शेजाऱ्यांना बोलावून खड्डा दाखवला. डोळे दाखवायला न्यायला आलेल्या मुलाला मी ओव्हन घेतला त्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावून, काळ्या चष्म्यासकट आत जाऊन, दुकानदाराला भूसंपर्कन समजावून सांगितलं. दुकानदाराने पुढे मला विचारलं, "ते डोळ्याचे डॉक्टर का?" माझा नवरा तर भलताच निवांत झाला. "बघ, सर पहिल्यापासून म्हणत होते," तो म्हणाला. त्याला मी त्या दिवशी जेवायला काय वाढलं ते सांगत नाही.

नाताळाचे केक झाले. मंडळीने खाल्ले. पाळकबाईंनी दुसरा तुकडा मागितला आणि तोही चष्म्यावरून बघत खाल्ला. मी शाळा सोडली. आता आम्ही दुसरीकडे राहतो. खाली माझी बेकरी आहे आणि वायरिंग रीतसर वायरमनने केलेलं आहे. सर आणि काकू अजून त्याच घरात आहेत. मी केक घेऊन जाते तेव्हा सर मला बसवतात आणि विचारतात, तिकडच्या भूसंपर्कनाला पाणी घालता ना. घालते म्हणते. माझ्याच्याने वाद होत नाही.

पण सरांचं नाव निघालं की मला आठवते ती नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. स्वयंपाकघरभर केक पसरलेले, ओव्हन सकाळपासून तापलेला, आणि काकू मदतीला वर आलेल्या. मी एक डबा बाहेर काढत होते, काकू दुसरा धरायला पुढे झाल्या, आणि तापलेल्या जाळीची कड त्यांच्या मनगटावर बसली. त्यांनी डबा सोडला नाही. ओट्यावर नीट टेकवला, मग दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं. जाळी तेवढी खणकन फरशीवर पडली.

त्या आवाजाने सर वर आले. काळा चष्मा, एक हात भिंतीला, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलेलं असताना, धापा टाकत. चेहरा पांढराफटक पडला होता. काकू दारासमोरच उभ्या होत्या. सर त्यांना वळसा घालून आत गेले. आधी ओव्हनवर हात ठेवला. मग प्लग चाचपला. मग खाली वाकून वायर बघितली.

"खटका पडला का?" ते म्हणाले.

"न्हाई पडला," काकू म्हणाल्या. मनगट तसंच धरून त्या त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. "मीबी न्हाई पडले."

सर वळले. क्षणभर मला वाटलं, आता विचारतील. ओठ हललेही.

"मीही," सर म्हणाले. "मीबी नव्हे." आणि पेटी बघायला खाली गेले.

काकूंनी नळ सोडला आणि मनगट धारेखाली धरलं. त्या घरात पाणी पहिल्यांदाच पाहिजे तिथे पडत होतं.